फाटक बंद असताना

रोहा,
२८ नोव्हेंबर २०२४

रेल्वे फाटकावरच्या गेटमन यांस,

तुमचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून असं लिहिते आहे. आमच्या गावाकडून रोह्याला जाताना तुमचं फाटक लागतं. हे पत्र रिक्षावाल्या मिथुनच्या हाती देते आहे, तो तुमच्या केबिनमध्ये ठेवेल.

बारा तारखेला, मंगळवारी, सकाळी पावणेअकराच्या सुमाराला मिथुनची रिक्षा तुमच्या फाटकाशी थांबली होती. मागच्या सीटवर माझे बाबा होते, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. अंगातला सदरा घामाने भिजला होता. मी उतरून तुमच्याकडे धावत आले आणि सांगितलं की छातीत दुखतंय, रोह्याला न्यायचंय, एवढी एक रिक्षा सोडा. तुम्ही म्हणालात, "नाय होणार ताई." मी हात जोडले. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, माझ्याकडे पाठ केलीत आणि रुळांकडे बघत उभे राहिलात.

मालगाडी गेली. माणसंसुद्धा नव्हती तिच्यात. ती संपते न संपते तोच दुसऱ्या रुळावरून पॅसेंजर आली. नऊ मिनिटं गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, वाटेतच गेलेत.

त्यांचं नाव केरू धोंडू मरवडे. वय सदुसष्ट. भात कापून झालं होतं, त्या आठवड्यात वाल पेरायचे होते. त्या दिवशी दुखायला लागलं तसे आम्ही लगेच निघालो. आमच्याकडून काही राहिलं नव्हतं. माझा भाऊ सुजय पुण्याला असतो, तो म्हणतो तक्रार करू. मी अजून काही ठरवलेलं नाही.

मला तुमच्याकडून एकाच गोष्टीचं उत्तर हवं आहे. फाटक उघडलं नाहीत ते नाहीत. पाठ का फिरवलीत?

रोहिणी केरू मरवडे


पेण,
६ डिसेंबर २०२४

रोहिणीताई यांना नमस्कार.

मी प्रविण नाथा म्हात्रे. राहायला पेणला, धरमतरच्या बाजूला. चौदा वर्षं गेटमन म्हणून नोकरीला आहे. तुमचं पत्र मिळालं. तुमचे वडील वारले हे मला त्या पत्रातूनच समजलं. त्या दिवशी फाटक उघडल्यावर रिक्षा जाताना मी पाहिली होती. नंतर मनाची समजूत घातली होती की पोचले असतील, बरे झाले असतील. तुमच्या दुःखात मी सहभागी आहे.

ताई, आमचं काम असं आहे. गाडी सुटली की स्टेशनमास्तरांचा फोन येतो. फाटक बंद करून आम्ही त्यांना एक नंबर द्यायचा. तो दिला की गाडीला सिग्नल मिळतो, आणि मग गाडी जाईपर्यंत फाटकाचं कुलूप उघडतच नाय. माझ्या हातात काही राहत नाय. उघडलं असतं तर रिक्षा रुळावर आणि गाडी समोर, असं झालं असतं.

पाठीचं विचारलंत. गाडी येताना गेटमनने गाडीकडे तोंड करून झेंडी दाखवायची असते. डब्यातून धूर येतोय का, खाली काही लोंबतंय का, तेही बघायचं असतं. म्हणून पाठ झाली. तुमचा अपमान करायचा मनात नव्हतं.

फाटक नियमाप्रमाणे बंद होतं.

आपला,
प्रविण म्हात्रे


रोहा,
१५ डिसेंबर २०२४

श्री. म्हात्रे,

तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की हे बोलणं माझ्या ओळखीचं आहे. मग लक्षात आलं, हे तर माझंच बोलणं.

मी रोह्यात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काउंटरला बसते, ही पत्रंही तिथूनच लिहिते. लोक रिपोर्ट घ्यायला येतात. पाकीट हातात घेऊन विचारतात, यात काय आलंय. मी म्हणते, डॉक्टरांना दाखवा, आणि स्क्रीनकडे बघते. नियमच आहे तसा. सांगायचा अधिकार मला नाही. पण मी स्क्रीनकडे बघते तेव्हा स्क्रीनवर काहीही नसतं. तुमच्या रुळांवर निदान गाडी तरी येत होती.

आता दुसरं. मिथुनकडे मी मुद्दाम चौकशी केली. तो म्हणतो, आपण पोचलो तेव्हा फाटक आधीच पडलेलं होतं आणि गाडीचा मागमूस नव्हता. तुम्ही लिहिता की फोन आल्यावर फाटक बंद करतात. त्या दिवशी तुम्हाला फोन किती वाजता आला आणि फाटक किती वाजता बंद केलंत, तेवढं कळवा. सुजय विचारतोय, आणि मलाही जाणून घ्यायचं आहे.

खाली माझा मोबाइल नंबर लिहिते आहे. पण लिहूनच कळवलंत तर बरं. तुमचा आवाज ऐकायची माझी अजून तयारी नाही.

रोहिणी मरवडे


पेण,
२० जानेवारी २०२५

रोहिणीताई,

महिन्यावर दिवस गेले. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. आज फाडणार नाय.

तुमचं पत्र यायच्या आधीपासून मला ठाऊक होतं की हा प्रश्न कोणीतरी विचारणार. ऑक्टोबरच्या शेवटी एक मोटरसायकलवाला पडत्या फाटकाखालून घुसला. दांडा वाकला, तो थोडक्यात वाचला. मला लेखी समज मिळाली. तेव्हापासून मी धसका घेतला होता. गर्दीच्या वेळी फोनची वाट न बघता तीन-चार मिनिटं आधीच फाटक पाडायचो, म्हणजे कोणी घुसायला नको. लोक शिव्या द्यायचे. मला वाटायचं, देऊ देत, जीव तर वाचतो.

त्या दिवशी मी फाटक १०.४१ ला पाडलं. तुमची रिक्षा १०.४३ ला आली. फोन १०.४४ ला आला. तुम्ही धावत माझ्याकडे येत होतात तेव्हा तो वाजत होता. मी आधी फोन घेतला, नंबर दिला, मग तुमचं ऐकलं. तेव्हा खरंच काही करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. पण मी नियमाने वागलो असतो तर १०.४३ ला फाटक उघडं असतं आणि रिक्षा न थांबता निघून गेली असती. रजिस्टरमध्ये मी फाटक बंद केल्याची वेळ १०.४४ लिहिली. ती खोटी आहे.

पाठीचंही खोटंच लिहिलं. गाडी यायला अजून चार मिनिटं होती, झेंडी काढायची वेळ झाली नव्हती. तुमच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी वळलो.

तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाय, पण लपवणारही नाय. तुमचं पहिलं पत्र आल्यापासून जेवण जात नाय. आता मी फोन आल्यावरही स्टेशनला उलट फोन करून विचारतो की बंद करू ना, आणि गाडी गेली तरी उघडायला धजत नाय. हे असं काम करणारा माणूस फाटकावर धोक्याचा, हे मला समजतं. माझी बायको प्रतिक्षा म्हणते, डॉक्टरला दाखव. माझी आई सगुणा, तिचा जन्म मिठागरात गेला, ती परवा म्हणाली, "पोरा, तू कामावर जातंस का शिक्षा भोगायला जातंस?"

हे पत्र सुजयदादांना द्या. त्यांनी तक्रार केली तर मी नाकारणार नाय. सही करतो आहे.

प्रविण नाथा म्हात्रे


रोहा,
२ फेब्रुवारी २०२५

प्रविणदादा,

तुमचं पत्र पोचलं त्याच आठवड्यात सुजय तीन दिवस घरी आला होता. पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी ते त्याला दाखवलं नाही.

तुमची दया आली म्हणून नव्हे, तसं समजू नका. मला भीती वाटली. ते पत्र सुजयच्या हातात पडलं असतं तर सगळ्यांनी घड्याळ धरून मिनिटं मोजायला सुरुवात केली असती, आणि मोजत मोजत ते आमच्या घरापर्यंत आले असते.

परवा लॅबमध्ये काशीबाई नावाच्या बाई आल्या होत्या, खांब गावच्या. नवऱ्याच्या किडनीचा रिपोर्ट न्यायला. रिपोर्ट चांगला नव्हता. आकडे मला कळतात. त्यांनी विचारलं नाही की यात काय आहे. पाकीट घेऊन तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उशीर केला गो मी." मी नेहमीचं बोलून गेले, तुम्हाला काय ठाऊक होतं, तुमचा काय दोष. त्या म्हणाल्या, "ठाऊक होतं की. पाय सुजत होते त्याचे गणपतीपासून. पण कापणी होती."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी काउंटरच्या बाहेर आले आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसले. पाच-सात मिनिटं तशीच बसून राहिले. मागे रांग लागली होती. मग त्या उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि स्टँडकडे गेल्या.

त्या गेल्यावर मी ठरवलं की तुम्हाला खरं लिहायचं.

दादा, आम्ही लगेच निघालो नव्हतो. सकाळी आठ वाजता बाबा ओट्यावर बसून म्हणाले, "रोहिणी गो, छातीत जळजळतंय." मी डबा भरत होते. साडेदहाला मला लॅबमध्ये हजर व्हायचं असतं आणि त्या दिवशी सगळ्यालाच उशीर होत होता. मी त्यांना पित्ताची गोळी दिली. ते म्हणाले, दुखणं वेगळंच वाटतंय. मी म्हणाले, "तुमचं रोज काहीतरी असतं." मी आंघोळीला गेले, कपडे इस्त्री केले. घरातून बाहेर पडताना बघितलं तर त्यांचा रंग गेला होता, तरी मी पाणी प्या, पडून राहा म्हणाले. ते भिंतीला टेकून खाली बसले तेव्हा सव्वादहा झाले होते.

आमच्या लॅबच्या भिंतीवर मोठं पोस्टर आहे. छातीत दुखणं, घाम, धाप, पहिल्या तासात दवाखाना गाठा. ते मीच चिकटवलं होतं.

तुमचं १०.४३ चं एक मिनिट आणि माझे सव्वादोन तास. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, सुजयला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला खरं सांगितलंत, आणि मी तुम्हाला दोन महिने माझ्या वाटचं ओझं वाहायला लावलं.

रोहिणी


पेण,
२० फेब्रुवारी २०२५

रोहिणीताई,

तुमचं पत्र मी घरी, अंगणात बसून वाचलं. मला तुमचा राग यायला हवा होता. मी मनात राग शोधला, खरंच सांगतो. सापडला नाय.

मला आमच्या घरची सकाळ दिसली. प्रतिक्षा आमच्या मुलीच्या, मनस्वीच्या वेण्या घालत असते, मी चपला शोधत असतो, आणि आई म्हणते, गुडघा लय दुखतो रे. मी "बरं" म्हणतो आणि निघतो. रोज म्हणतो. तुमच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की माझी आई संध्याकाळी घरी असते.

मग मनात आलं, तुमच्या सव्वादोन तासांचा मला राग येत नाय तर ह्या प्रविणच्या एका मिनिटाचा एवढा का येतो? त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. प्रतिक्षाने तिसरी वाढली, ती पण खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या इन्स्पेक्टर साहेबांना लेखी दिलं. फाटक आधी पाडत होतो, रजिस्टरमध्ये वेळ खोटी लिहिली, सगळं. तुमचं नाव गाव द्यावं लागलं. तुम्हाला जबाबाला बोलावतील. माझ्यासाठी काही कमीजास्त सांगू नका. तुमचं घरचं तर अजिबात सांगायची गरज नाय, ते कोणी विचारणार नाय.

अजून एक झालं ते सांगतो. गेल्या गुरुवारी फाटक बंद असताना एक इको व्हॅन आली. आत विंचू चावलेली बाई होती, तिचा मुलगा गाडी चालवत होता. तो उतरून माझ्या अंगावरच आला. नंबर देऊन झाला होता. या वेळी मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. सांगितलं की फाटक उघडणं आता माझ्या हातात नाय, सहा मिनिटं लागतील, एकच गाडी आहे. पुढच्या मोटरसायकली मी बाजूला करायला लावल्या आणि त्याची गाडी सगळ्यांच्या पुढे घेतली. पलीकडे उभ्या टेम्पोवाल्याला ओरडून सांगितलं की याला आधी जाऊ दे. बाईला पाणी हवं का विचारलं. मग त्याला म्हटलं, "आता मला तिकडे तोंड करावं लागेल, झेंडी दाखवायला. गाडी गेली की लगेच वळतो."

त्याने जाताना मला आईवरून शिवी दिली. बाई दुसऱ्या दिवशी घरी आल्याचं कळलं. ती शिवी मला लागली नाय. मी त्याच्या जागी असतो तर मीही दिली असती. फाटक तर मी तेव्हाही उघडलं नाय आणि आताही नाय. पण गाडी गेली तशी या वेळी मी लगेच उघडलं.

प्रविण


रोहा,
९ मार्च २०२५

प्रविणदादा,

बुधवारी पेणला जबाब देऊन आले. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसला होतात. आपण एकमेकांशी बोललो नाही ते बरंच झालं. मी तुमच्या चेहऱ्याची जी आठवण धरून बसले होते त्यापेक्षा तुम्ही पुष्कळ लहान दिसता.

चौकशीचं पत्र घरी आलं तेव्हा आईने सुजयला फोन केला आणि तो रजा काढून माझ्याबरोबर आला. साहेबांनी विचारलं, तुम्ही पोचलात तेव्हा फाटक बंद होतं का. मी हो म्हणाले. त्यांनी विचारलं, हा उशीर झाला नसता तर वडील वाचले असते असं तुमचं म्हणणं आहे का. सुजय शेजारीच बसला होता. मी म्हणाले, ते मला सांगता येणार नाही, कारण आम्ही घरातूनच सव्वादोन तास उशिरा निघालो. का, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते लिहून घेत होते. मध्येच त्यांनी लिहायचं थांबवलं आणि म्हणाले, एवढं जबाबात नको. मी म्हणाले, लिहा.

तुम्हाला वाचवायला मी हे बोलले नाही, दादा. सगळा उशीर तुमच्या नावावर लिहिला जात होता आणि मी समोर बसून ऐकत होते, ते मला सहन झालं नाही.

बाहेर आल्यावर सुजय माझ्या पुढे चालत राहिला. पेण स्टँडवर त्याने मला रोह्याच्या गाडीत बसवलं, तिकिटापुरते सुटे आहेत का विचारलं आणि स्वतः पुण्याची गाडी धरली. तेव्हापासून त्याचा फोन नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, भावाबहिणीचं काय बिनसलं. मी म्हणते, काही नाही.

रोहिणी


पेण,
३० मार्च २०२५

रोहिणीताई,

निकाल लागला. एक वर्षाची वेतनवाढ बंद, आणि तीन महिने फाटकावरून काढून रुळांच्या गँगमध्ये. जूनच्या शेवटी पुन्हा फाटक मिळेल, पण दुसरं. साहेबांनी बोलावून सांगितलं की तू स्वतः येऊन लिहून दिलंस म्हणून एवढ्यावर भागलं. दिवसभर उन्हात खडी ओढतो. झोप लागते.

हलकं वाटतं असं लिहिणार नाय. केरूबाबांचं नाव रोज एकदा आठवतं. पण पूर्वी आठवलं की हातातलं काम थांबायचं, आता आठवतं आणि मी पुढचं काम करतो.

सुजयदादांचं मनावर घेऊ नका. तुम्हाला हे पचवायला चार महिने लागले, त्यांनी ते एका दुपारी ऐकलं. पण आईंना तुम्हीच सांगा, ताई. दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत सांगा.

प्रविण


रोहा,
१४ एप्रिल २०२५

प्रविणदादा,

आईला सांगितलं.

बाबा गेल्यावर वाल पेरायचे राहतील असं वाटलं होतं, पण चुलत्यांनी पेरले. यंदा बरे आले. गेल्या रविवारी मी आणि आई अंगणात वाल पाखडत होतो. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. मी सूप खाली ठेवलं आणि आठ वाजल्यापासूनचं सगळं सांगितलं. "तुमचं रोज काहीतरी असतं" हे वाक्यसुद्धा सांगितलं. तेवढं गाळावं असं फार वाटत होतं.

आई पाखडतच राहिली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "रात्रीपासून दुखत होतं त्यांना."

मला कळेना ती काय बोलतेय. ती म्हणाली, रात्री दोनदा उठून बसले होते, डावा खांदा चोळत. आई म्हणाली, रोहिणीला उठवते. ते म्हणाले, नको, तिला सकाळी ड्युटी आहे, आता उठवलंस तर दिवसभर झोपेत काम करील, उजाडल्यावर बघू. आईने ऐकलं. आणि सकाळी मी गोळी दिली तेव्हा आई चुलीपाशी होती. तिला वाटलं सांगावं, रात्रीपासून दुखतंय म्हणून. पण मी घाईत होते, तोंड वाकडं करून वावरत होते, म्हणून ती गप्प बसली. पाच महिने ती हे पोटात ठेवून होती. तिला वाटत होतं, मला कळलं तर मी तिला कधी माफ करणार नाही. आम्ही दोघी एकाच घरात, एकाच ताटात जेवत होतो, आणि एकमेकींपासून हेच लपवत होतो.

आम्ही बराच वेळ रडलो. कोंबड्या येऊन निम्मे वाल खाऊन गेल्या, तेव्हा आईच उठून त्यांना हाकलायला लागली.

नंतर तिने स्वतः सुजयला फोन लावला. अंगणाच्या टोकाला जाऊन बोलत होती, मला ऐकू आलं नाही. या रविवारी तो आला होता. माझ्याशी अजून मोकळं बोलत नाही, पण वालाचं पोतं माझ्या हातातून घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. तुमचं जानेवारीचं पत्र मी त्याला वाचायला दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, "याला पोरं किती?" मी म्हणाले, एक मुलगी. एवढंच.

रात्री जेवताना मी आईला विचारलं, बाबांना हे सगळं कळलं असतं तर ते काय म्हणाले असते. मला वाटलं ती म्हणेल, काही नसते म्हणाले, देवमाणूस होते. गेलेल्या माणसाबद्दल सगळे तसंच म्हणतात.

आई म्हणाली, "रागावले असते गो. तुझ्यावर, माझ्यावर, त्या गेटमनवर पण. तुझा बाप काय कमी रागीट होता? पण संध्याकाळ झाली की राग उतरायचा त्यांचा. मग ज्याच्यावर ओरडले त्यालाच हाक मारायचे, चल, जेवायला बस."

सुजय मान खाली घालून जेवत होता. तो म्हणाला, "व्हय. मला तर दर शनिवारी शिव्या, आणि मग जेवण."

आम्ही तिघं हसलो. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच.

दादा, तुमची गँगची सुट्टी कोणत्या दिवशी असते ते कळवा. प्रतिक्षावहिनी, मनस्वी आणि तुमच्या आई, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं आहे. हे आमंत्रण माझं नाही, आईचं आहे. मी तिला म्हटलं, ऊन फार आहे, त्यांना सकाळीच बोलावू. ती म्हणाली, नको, संध्याकाळीच येऊ देत.

तुमची,
रोहिणी